तिच्या मोडलेल्या हाताचा हेवा

कुणाचा हात मोडला म्हणून कोणी त्याचा हेवा करत नसेल. मी केला.

आमच्या घराच्या खालच्या अंगाला एक भाड्याची खोली आहे. तिथे दोडामार्गाकडची एक बाई नवऱ्याबरोबर राहते. ती आणि मी डिचोलीला एकाच कारखान्यात, एकाच लाईनवर काम करतो. गोळ्यांच्या पट्ट्या डब्यांत भरायच्या, डबे खोक्यांत, आणि भरलेली खोकी उचलून गाड्यावर रचायची. ती माझ्या समोर उभी असायची. डोक्याला टोपी आणि तोंडाला फडकं बांधलं की माणसाचे डोळे तेवढे उरतात, पण तिचे डोळेसुद्धा बोलायचे. सुपरवायझर तिच्याशी हसायचा. बसचा ड्रायव्हर तिच्यासाठी हॉर्न वाजवून थांबायचा. माझ्यासाठी बसला कधी थांबावं लागलं नाही, कारण मी दहा मिनिटं आधीच तिठ्यावर जाऊन उभी असायची.

दोन वर्षांपूर्वी पावसात ती विहिरीच्या पायरीवर घसरली आणि तिचा उजवा हात मनगटात मोडला. कारखान्याची आजारपणाची रजा थोडीच असते. ती संपली तेव्हा मला वाटलं, आता ही एका हाताने कामावर येणार, नाहीतर नोकरी सोडणार. तसं काही झालं नाही. विम्याच्या दवाखान्यातून तिने डॉक्टरचा दाखला घेतला, विम्याच्या ऑफिसात अर्ज दिला, आणि घरी बसून तिच्या बँकेत पैसे यायला लागले. पुरा पगार नव्हे, पण बराचसा. आमच्या पगारातून दर महिन्याला थोडं कापतात ते ह्यासाठी, हे मला तेव्हा कळलं.

सकाळी मी बसला निघायची तेव्हा ती दाराबाहेर कदेल, म्हणजे खुर्ची, टाकून उन्हाची तिरीप शोधत बसलेली असायची. पाववाला पोदेर नुकताच येऊन गेलेला असायचा. डाव्या हाताने चहात पावाचा उंडा बुडवून ती खायची आणि मला बघून प्लास्टरचा हात वर करायची.

“चल गो चल! माझ्या वाटणीचीय खोकी उचल!”

मी हसायची. पण तिठ्यापर्यंत जाताना मनात एकच असायचं, की ह्या जन्मात मी अशी कधी बसले आहे? लग्नाच्या हळदीला बसले होते, त्यानंतर नाही. येणारे-जाणारे तिच्याकडे थांबायचे. कोणी शहाळं आणून द्यायचं, कोणी केळी. मला ताप आला तर घरातल्यांनासुद्धा दुसऱ्या दिवशी कळतो, कारण मी सांगत नाही.

ती परत कामावर आली ती नवा दाखला घेऊनच. हात वाकडा जुळला होता, जड उचलायचं नाही असं डॉक्टरने लिहून दिलं होतं. म्हणून लाईनच्या शेवटी तिला स्टूल मिळालं. तिथे बसून डब्यांवरची चिठ्ठी सरळ लागली की नाही एवढं बघायचं. मी तिथेच समोर आठ तास उभी. त्या स्टुलाचाही मी हेवा केला. खोटं कशाला लिहू.

माझ्याकडे काही नव्हतं असं नाही. माझ्याकडे डोंगर होता. गावाच्या पाठीमागे सासूच्या नावावर काजूचा डोंगर आहे. दर वर्षी मार्च सरता सरता मी बिनपगारी रजा घ्यायची आणि पाऊस लागेपर्यंत कारखान्याचं तोंड बघायची नाही. आमच्या भागातल्या निम्म्या बायका त्या दिवसांत अशाच नाहीशा होतात, कारखान्यालाही त्याची सवय आहे. सकाळी उजाडल्याबरोबर काठीला खिळा ठोकून डोंगर चढायचा, पडलेले बोंडू, म्हणजे काजूची फळं, टोचून टोपलीत घालायचे, बी पिळून वेगळी करायची. जूनमध्ये परत लाईनवर उभी राहायची तेव्हा बोटांची साल चिकाने गेलेली असायची. जाताना मी तिच्यासाठी ओंजळभर भाजलेले काजू न्यायची.

“तुझा बरां आसा गो,” ती काजू तोंडात टाकत म्हणायची. “तुका देवान डोंगर दिलो. माका काय, भाड्याची खोली.”

मी म्हणायची, “कसला डोंगर, नुसते काटे.” पण ते वाक्य ऐकायलाच मी दर वर्षी काजू भाजत होते.

मला दुखणं झालं ते बायकांचं. वर्षभर अंगावर जात होतं. सुपरवायझर पुरुष, त्याला काय सांगणार? ते दिवस आले की घरी राहायची आणि ताप होता म्हणायची. जानेवारीत म्हापशाच्या सरकारी इस्पितळात ऑपरेशन करून पिशवी काढली. डॉक्टरीणबाईने बजावलं, तीन महिने भरलेली घागर उचलायची नाही, फार वेळ उभं राहायचं नाही. आतले टाके दिसत नाहीत म्हणून ते नाहीत असं समजू नका.

थोड्या दिवसांनी कारखान्याच्या ऑफिसातल्या मुलीचा फोन आला. “बाई, तुमची आजारपणाची रजा संपली. आता पगार बंद होणार. तुम्ही विम्यात अर्ज करा.”

पगार बंद म्हटल्यावर माणूस घाबरतो. नवऱ्याचा ट्रक खाणीचं काम थांबल्यापासून दारातच आहे, तो दुसऱ्याची गाडी चालवतो, तीही रोज नाही. घरात दर महिन्याला ठरलेला पगार येतो तो माझाच. तरी मी घाबरले नाही. मला आनंद झाला. म्हटलं, आता माझी पाळी. नवऱ्याला सांगून मी सोप्यावर कदेल ठेवून घेतलं. त्याने भिंतीकडे ठेवलं तर म्हटलं, इथे नको, रस्ता दिसेल असं ठेवा. आणि सकाळी बसच्या वेळेला केस विंचरून तिथे जाऊन बसले.

ती आली. मला वाटलं होतं रस्त्यावरून हात करेल, मग मी म्हणेन, चल गो, माझ्या वाटणीचीय खोकी उचल. मनात ते वाक्य मी चार वेळा घोकलं होतं. ती रस्त्यावर थांबलीच नाही, सरळ पायऱ्या चढून वर आली आणि माझ्या कपाळाला हात लावला.

“राणी झालंस मगो! पाय वर घी. असे लोंबते सोडू नको, टाके ओढतत.”

आणि बसायचा पाट आणून माझ्या पायाखाली सरकवून ती धावत गेली. माझं वाक्य तोंडातच राहिलं.

विम्याच्या दवाखान्यात इस्पितळाचे कागद बघून डॉक्टरने दाखला दिला. तो घेऊन मी ऑफिसात गेले. खिडकीपलीकडच्या चष्मेवाल्या साहेबांनी माझा नंबर मशीनवर घातला, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, “बाई, तुमचे दिवस भरत नाहीत. ह्या वेळी तुम्हाला मिळणार नाही.”

मी म्हटलं, “बरं.”

बरं म्हटलं, पिशवी उचलली आणि बाहेर आले. मागे माणसं उभी होती, त्यांना उशीर व्हायला नको असं वाटलं. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की कसले दिवस, किती दिवस, मी काहीच विचारलं नाही.

घरी नवरा म्हणाला, “अगो, विचारायचं तरी! तोंड कशाला दिलंय?”

सासू जनेलातून बाहेर बघत होती. ती तिथूनच म्हणाली, “तिका मेळ्ळें आनी तुका ना? ती भायली, तूं हांगाची.”

सासू माझ्या बाजूने बोलते असं क्वचित होतं. तिचं ते बोलणं मी तीन दिवस मनात धरून बसले. गोव्याबाहेरून आलेल्या बाईला मिळालं आणि मला नाही. मी मनाशी ठरवूनच टाकलं की हे तिच्या तोंडामुळे. ती गेली असेल, हसली असेल, सायबा सायबा केलं असेल, म्हणून तिचे दिवस भरले. माझ्यासारखीचे कशाला भरतील?

त्याच आठवड्यात कारखान्यातून पुन्हा फोन आला. पगार नाही, विमा नाही, मग तुम्ही कधी येता ते कळवा, नाहीतर जागेवर दुसरी बाई घ्यावी लागेल. तीन महिन्यांतला निम्मा वेळही झाला नव्हता. मी चुलीपुढे उभी राहून बघितलं, किती जमतं ते. भाकऱ्या अर्ध्या झाल्या आणि पोटात खालून कोणीतरी पिळल्यासारखं झालं. मी आत जाऊन आडवी पडले. उरलेल्या भाकऱ्या सासूने केल्या, न बोलता. त्यापेक्षा ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

रविवारी ती दोडामार्गवाली पेज घेऊन आली. सासूने तिला सगळं सांगितलं.

“बरं म्हटलंस?” ती माझ्याकडे बघतच राहिली. “नाय म्हणाले, आणि तू बरं म्हणान परत इलंस?” तिला इतकं हसू आलं की वाटी खाली ठेवावी लागली. “उद्या माझी दुपारची पाळी. सकाळी जाऊया दोघांय.”

मला तिच्याबरोबर जायचं नव्हतं. ती बोलली आणि मिळालं, तर ते तिनेच मिळवलेलं असणार, आणि जन्मभर तिच्या ओझ्याखाली राहायचं. मी म्हटलं, बघू. सासू म्हणाली, “बघूं कितें? वच.” मी गेले. बसची पायरी चढताना तिने मला पाठीमागून धरलं होतं, तेही मला आवडलं नाही.

खिडकीत तेच साहेब होते. मला वाटलं होतं तशीच ती बोलायला लागली. हिचं ऑपरेशन कसं झालं, हिचा नवरा कसा बिनकामाचा, कारखाना कसा घाई करतो. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे सांगितलं, “जानेवारीत आजारी पडलेल्या माणसाचे आधीच्या एप्रिल ते सप्टेंबरमधले दिवस बघतात. अठ्ठ्याहत्तर दिवसांचा पगार जमा असावा लागतो. ह्यांचे एकाहत्तर आहेत.”

“सात दिसांसाठी अडवतास सायबा? माझे सात घेवा! माझे जास्त पडले आसतले.”

साहेब हसले. “बाई, दिवस उसने देता येत नाहीत.”

ती आणखी काहीतरी बोलायला निघाली होती. तेव्हा कोणाचा तरी आवाज आला, “माझे कुठे गेले?” तो माझाच होता. एवढा मोठा आला की मागचा माणूस पुढे वाकून बघायला लागला.

साहेबांनी चष्मा सारखा केला आणि वाचून दाखवलं. “एप्रिल, दोन. मे, काही नाही. जून, अठरा.”

एप्रिल आणि मे म्हणजे डोंगर. पुढे जुलैमध्ये लावणीचे दिवस गेले होते. मग चवथ आली, घरचा गणपती, त्याचे दहा-बारा. आणि जूनपासून प्रत्येक महिन्यात मध्येच चार चार दिवस नव्हते. ते दुखण्याचे. ज्या दुखण्यासाठी मी मागायला आले होते, त्याच दुखण्याने माझे दिवस खाल्ले होते. साहेब एकेक महिना वाचत गेले आणि मी एकेक दिवस ओळखत गेले. त्यात कोणी काही चोरलं नव्हतं, कोणी कोणाशी हसलं नव्हतं.

“आणि हिचे?” मी विचारलं. मला विचारायचा काही अधिकार नव्हता, पण तोंड उघडलं होतं ते मिटेना.

साहेब काही बोलायच्या आधी तीच म्हणाली, “माझे भरतलेच गो. माका खंय डोंगर आसा? खंय शेत? गणपतीक दीड दिवस गावाक जातंय तेवढीच रजा.”

ती हे मला दुखवायला बोलली नाही. भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. बाहेर आल्यावर तिने मला उसाचा रस पाजला. ग्लास संपला तरी ती बोलत नाही म्हटल्यावर मला कळलं की आता खरोखरच काही होणार नाही.

सातव्या आठवड्यात मी कामावर गेले. टोपी घातली, फडकं बांधलं, माझ्या जागेकडे गेले, तर तिथे ती उभी. स्टूल रिकामं.

“बस थंय,” ती म्हणाली.

सुपरवायझर आला. “हे काय? स्टूल तुला दिलंय, दाखला तुझा आहे.”

“दाखलो माझो, हात माझो, आता माझो हात बरो झालो. स्टूल काय माझ्या ढुंगणाक शिवलेला आसा?”

सगळी लाईन हसली. सुपरवायझरही हसला आणि गेला. मी बसले. समोर ती खोकी उचलत होती. उचलताना उजवं मनगट बाहेरच्या बाजूला वळायचं, ते मला पहिल्यांदा इतक्या जवळून दिसलं. प्रत्येक खोक्याला ती आधी डावा हात खाली घालायची.

मला तेव्हा उपकार वाटायला हवे होते. वाटलेही. पण त्यांच्या खाली दुसरं काहीतरी होतं. तिला असं चारचौघांत, मोठ्याने, हसत देता येतं. मी आजवर काय दिलं होतं? ओंजळभर काजू, तेही एक वाक्य ऐकण्यासाठी. आता मला तिच्या देण्याचा हेवा वाटत होता. ह्या हेव्याला औषध नाही असं मला वाटतं.

एप्रिल आला. मी सासूला सांगितलं की ह्या वर्षी मी डोंगरावर जाणार नाही. वाकायचं नाही म्हणून डॉक्टरीणबाईने सांगितलंय, आणि मला दिवस भरायचे आहेत. “आनी बोंडू कुसूंदी?” सासू म्हणाली, जणू ते मीच कुजवणार होते. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी रविवार होता. मी सोप्यावर होते आणि डोंगराच्या वाटेने दोडामार्गवाली खाली आली. डोक्यावर टोपली, हातात माझी खिळ्याची काठी. सासूने तिला अर्धलीवर काजू वेचायला दिले होते. मला विचारलं नव्हतं.

“बाय, उदक पी आदीं,” सासू तिला म्हणाली. मला लग्न होऊन चोवीस वर्षं झाली. मला तिने बाय म्हटलेलं आठवत नाही.

तिच्या अंगाला बोंडूंचा वास येत होता. तो वास दर वर्षी माझ्या अंगाला असायचा. पाणी पिऊन ती सासूला म्हणाली, “आता सीझनभर येतंय बघा. कारखान्यात रजा टाकतंय.”

मी ऐकलं. मला माहीत होतं, तिने सीझनभर रजा टाकली की तिचे दिवस कमी पडणार. एक शब्द सांगायचा होता. मी सांगितला नाही. सोमवारी सांगितला नाही, मंगळवारी नाही. स्टुलावर बसून चिठ्ठ्या बघताना माझ्या डोळ्यांसमोर ती विम्याच्या खिडकीत उभी असायची आणि साहेब म्हणायचे, बाई, तुमचे दिवस भरत नाहीत. मग ती काय म्हणेल? ती बरं म्हणणार नाही. तरी काही उपयोग होणार नाही. असं मनात चाललं की मला बरं वाटायचं. समोर ती वाकड्या मनगटाने माझी खोकी उचलत होती, तेव्हासुद्धा.

गुरुवारी खोकं उचलताना तिचा हात सटकला. खोकं पडलं नाही, तिने गुडघ्यावर तोलून धरलं आणि इकडे-तिकडे बघितलं, कोणी पाहिलं का म्हणून. मी पाहिलं होतं. ह्या बाईचा हात पुन्हा गेला आणि दिवस नसले तर हिला कोण स्टूल देणार? मी तर दिलं नसतं. हे मनात आलं आणि माझं मलाच कसंतरी झालं.

संध्याकाळी तिठ्यावर उतरल्यावर मी तिला थांबवलं आणि एका दमात सगळं बोलले. एप्रिल ते सप्टेंबर, अठ्ठ्याहत्तर, सीझनभर रजा घेऊ नकोस, माझ्यासारखं होईल.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “अगो, त्या खिडकीकडे तुझ्याबरोबर कोण उभी होती? म्हस?”

मागून गाडी आली म्हणून मी रस्त्याच्या कडेला सरकले.

“म्हशीनसुद्धा ऐकला आसता. रविवार सगळे डोंगरार, आणि रजा मे म्हयन्यातले बारा दिवस, इतकीच टाकतंय. कालनिर्णयावर खुणा करून ठेवलंय. तुझ्या सासूक सीझनभर म्हटलंय, नायतर ती माका डोंगर देतली?” पिशवी दुसऱ्या हातात घेत ती चार पावलं पुढे गेली आणि वळली. “पण रविवारी तू थंयच बसली होतंस. चार दिवस लागले गो तुका.”

ती रागावली होती की हसत होती ते फडकं नसतानाही मला कळलं नाही. मी तिच्या मागून चालत घरी आले.

मेमध्ये तिने सांगितले तेवढेच दिवस घेतले. तेराव्या दिवशी लाईनवर परत आली ती बाटलीभर निरो घेऊन. बोंडूंचा ताजा रस, पहाटे काढलेला. जेवणाच्या सुट्टीत तिने सगळ्यांना घोट घोट दिला आणि उरलेली बाटली माझ्यापुढे स्टुलावर ठेवली.

“पी. तुझ्याच डोंगराचो.”

मी प्यायले. गोड होता. दर वर्षी मी स्वतः काढते त्यापेक्षा जास्त गोड लागला, आणि ते मी तिला सांगितलं नाही. बाटली धुऊन परत दिली. टाके आता ओढत नाहीत. पुढल्या आठवड्यापासून स्टूल तिला परत द्यायचं असं मी ठरवलं आहे, सगळ्यांच्या समोर, मोठ्याने. काय बोलायचं ते रोज घोकते आहे.